छाती आवळली, अंग जखडलं: पार्किन्सनच्या रुग्णाच्या घरात कोणत्या क्रमाने काय करायचं

मागच्या वैशाखात अमळनेरजवळच्या एका गावात व्यायाम शिकवायला गेले होते. अण्णा बाजेवर बसलेले, हात छातीवर. "छाती आवळी गई," एवढंच म्हणत होते. त्यांच्या सौभाग्यवती छातीला बाम चोळत होत्या, मुलगा जखडलेला हात धरून वर ओढत होता आणि सून घरातली गॅसची गोळी पाण्याबरोबर पुढे करत होती. तिघंही जीव तोडून करत होते आणि तिन्ही गोष्टी त्या वेळी चुकीच्या होत्या.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जळगाव, अमळनेर, चोपडा, यावल या पट्ट्यात घरोघरी जाते. पार्किन्सनच्या रुग्णाची छाती आवळली की जवळपास प्रत्येक घरात क्रम उलटा लागतो: आधी चोळणं, मग ओढणं, मग गॅसची गोळी आणि शेवटी डॉक्टर. खाली जो क्रम दिला आहे तो कागदावर उतरवून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवा. औषधाचा डोस मात्र या लेखावरून बदलू नका, तो तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचा अधिकार आहे.

## हे होतं कशामुळे

पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं आणि स्नायू सैल सोडण्याचा हुकूम नीट पोचत नाही. हात-पाय ताठरतात हे दिसतं. पण बरगड्यांमधले स्नायू, खांद्याचे, पाठीचे, पोटाचे स्नायूही तसेच ताठरतात, ते दिसत नाही. बरगड्यांचा पिंजरा फुगायला जागाच उरली नाही की श्वास वरच्यावर राहतो आणि माणूस म्हणतो, "पट्टा आवळल्यासारखं होतंय." त्यात पाठीला बाक आला असेल तर छाती पुढून दबलेलीच असते.

दुसरं कारण गोळीचं. लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा, असर ओसरला की अंग जखडतं, त्याच वेळी काहींना घाबरंही होतं, घाम फुटतो, दम अपुरा वाटतो. हे घाबरणं म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. मेंदूतलं रसायन उतरलं की ते येतं आणि गोळी चढली की बहुतेकदा निघून जातं.

तिसरं, आणि सगळ्यात आधी बघायचं, ते हृदय. पार्किन्सन झाला म्हणून हृदयविकार टळत नाही.

## तयारी: दुखायच्या आधी घरात हे असू द्या

तयारीवर मी मुद्दाम जास्त बोलते. ऐन वेळी गोळीची वेळ कुणाला आठवत नाही आणि बीपीच्या मशीनमध्ये सेल नसतात.

पहिली गोष्ट वही. शाळेची साधी दोनशे पानी चालेल. प्रत्येक पानावर चार रकाने: गोळी किती वाजता, जेवण किंवा चहा किती वाजता, अंग मोकळं होतं की जखडलेलं, छाती आवळली असेल तर कधी सुरू झाली आणि कधी थांबली. सात दिवस न चुकता लिहा. "दिवसभर त्रास होतो" म्हणणाऱ्या घरांमध्येही वहीत बघितलं की त्रासाला ठरावीक वेळ सापडते. माझ्याकडे चोपडा तालुक्यातल्या एका आजींची वही आहे. नातीने पेन्सिलीने लिहिलेली. सहा दिवस ओळीने पावणेबारा ते साडेबारा छाती आवळलेली आणि दुपारची गोळी बाराची. सातव्या दिवशी काही विचारायची गरजच राहिली नाही.

दुसरी गोष्ट खुर्ची. हात असलेली, न हलणारी, बसल्यावर गुडघे काटकोनात येतील इतक्या उंचीची. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची मागे सरकते, ती नको. बाज किंवा खाट तर मुळीच नको. सुतळी खाली झोळ खाते, माणूस त्यात रुततो, पाठ गोल होते आणि छाती आणखी दबते. खुर्चीसमोर टेबल आणि त्यावर एक जाड उशी.

तिसरी, बीपीचं मशीन आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. दोन्ही वापरायला घरातल्या किमान दोघांना यायला हवं.

चौथी, औषधांची यादी. सगळ्या औषधांची, फक्त पार्किन्सनच्या नाही. बीपी, शुगर, लघवी, झोप, आयुर्वेदिक चूर्ण, सगळं. एक प्रत भिंतीवर, एक रुग्णाच्या खिशात.

पाचवी गोष्ट डॉक्टरांकडून लिहून घ्यायची. "गोळी घ्यायची राहिली तर काय करायचं" आणि "छाती आवळली तर घरी काय करायचं, कधी निघायचं" ही दोन उत्तरं त्यांच्याच अक्षरात हवीत. तोंडी ऐकलेलं घरी येईपर्यंत बदलतं.

तपासा: १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या लहान मुलांनाही माहीत आहे का? गावाचं नाव, जवळचा फाटा आणि घराची खूण त्यांना सांगता येते का?

## टप्पा १ : पार्किन्सन विसरा, हृदय बघा

छाती पहिल्यांदाच आवळली असेल तर पुढचे टप्पे वाचत बसू नका. दवाखान्यात जा, ईसीजी (हृदयाच्या ठोक्यांचा आलेख) काढा. हे हृदयाचं नाही असं डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच "आपलं नेहमीचं" हा शब्द वापरायचा.

आधी तपासून झालेल्या रुग्णालाही खालीलपैकी काही दिसलं तर लगेच १०८:

- दुखणं किंवा दाब डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा दोन्ही खांद्यांत पसरतोय
- थंड घाम, मळमळ, ओकारी, डोळ्यांपुढे अंधारी
- बसल्या जागी दम लागतोय, वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर पडलेत
- नेहमीपेक्षा वेगळं वाटतंय, किंवा नेहमीच्या वेळेत ओसरत नाही
- अचानक दम लागला आणि एकच पाय सुजलाय
- ताप, खोकला आहे आणि मागच्या काही दिवसांत जेवताना ठसका लागला होता

शेवटचं लोक सहज सोडून देतात. पार्किन्सनमध्ये गिळणं मंदावतं, अन्नाचा कण किंवा पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. तो छातीच्या आवळण्यासारखाच सुरू होऊ शकतो.

इथे एक फसगत आहे. पार्किन्सनमध्ये चेहऱ्याचे स्नायूही ताठरलेले असतात. माणसाला असह्य दुखत असलं तरी चेहरा कोराच दिसतो. घरचे म्हणतात, "बसलेत की शांत." चेहरा बघून ठरवू नका, विचारा. बोलणं पुटपुटल्यासारखं होत असेल तर दहापैकी किती दुखतंय ते बोटांनी दाखवायला सांगा.

घाम हीसुद्धा खात्रीची खूण नाही. गोळी उतरल्यावरही घाम येतो, हार्ट अटॅकमध्येही येतो. घरी बसून दोन्हींत फरक करता येत नाही, म्हणून शंका आली की ईसीजीच. मधुमेह असेल तर जास्तच सावध राहा, कारण अशा रुग्णांत हृदयाचं दुखणं पुष्कळदा सौम्य किंवा वेगळ्याच जागी जाणवतं.

ईसीजी काढताना: पार्किन्सन आहे आणि हात कापतात हे तंत्रज्ञाला आधीच सांगा. कंपामुळे पट्टीवर अशा रेघा उमटतात की ठोके बिघडल्यासारखे दिसतात. पहिला ईसीजी साफ आला आणि दुखणं चालूच असेल तर डॉक्टर तो पुन्हा काढतात, रक्तही तपासतात. "पहिला बरोबर आला ना" म्हणून उठून येऊ नका.

सावध: मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. आपल्याकडे हे फार चालतं. जखडलेला माणूस तोल सावरू शकत नाही आणि वाटेत शुद्ध हरपली तर कुणालाच काही करता येत नाही.

## टप्पा २ : घड्याळ बघा

धोक्याची खूण नाही आणि हे आधी तपासून झालेलं आहे. आता वही उघडा. शेवटची गोळी कधी घेतली? त्यानंतर काय खाल्लं?

पुढची गोळी अर्ध्या-पाऊण तासावर आली असेल आणि अंगही जखडत चाललं असेल तर बहुधा असर ओसरलाय. गोळीची वेळ उलटून गेली असेल तर कारण समोरच आहे: डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचनेप्रमाणे वागा. दोन गोळ्या एकदम देऊन "भरून काढणं" नको.

उलट, गोळी घेऊन तास-दीड तास झालाय, अंग झुलतंय, मान-खांदे आपोआप हलताहेत आणि श्वासही वेडावाकडा चाललाय, तर ते असर जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा आणखी गोळी दिली तर त्रास वाढेल. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच वाटतात, "दम लागतोय." फरक घड्याळ सांगतं.

गोळी वेळेवर घेतली पण चढलीच नाही, असं असेल तर जेवण बघा. त्यावर टप्पा ६ मध्ये सविस्तर.

आणि गोळीच्या वेळेशी काहीच मेळ बसत नसेल, कधीही येतं, कधीही जातं, तर वहीत तसं लिहा आणि दोन-चार दिवसांत डॉक्टरांना भेटा. आम्लपित्त, फुप्फुस, हृदय, चिंता, यातलं काहीही असू शकतं.

बीपी इथेच मोजा. अंग जखडलेलं नसेल आणि शक्य असेल तर आधी पाच मिनिटं आडवं ठेवून, मग उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. तोल जात असेल तर उभं करताना दोघं जण हवेत. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. पार्किन्सनमध्ये उभं राहिल्यावर बीपी उतरणं नेहमीचं आहे. त्यात मान आणि दोन्ही खांदे मिळून असं दुखतं, जणू पाठीवर कपड्यांचं हँगर अडकवलंय. आडवं झालं की ते कमी होतं. लोक त्याला स्नायूंचा ताठरपणा समजून महिनोनमहिने मालिश करत राहतात.

तपासा: ऑक्सिमीटर थंड किंवा कापणाऱ्या बोटाला खोटा आकडा दाखवतो. हात ऊबदार करा, जास्त स्थिर असलेल्या हाताच्या बोटाला लावा, हात उशीवर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. दोन-तीनदा मोजूनही ९४ च्या खाली येत असेल तर डॉक्टरांना फोन. ९० च्या खाली असेल तर लगेच निघा.

## टप्पा ३ : आधी बसवा, मग श्वास सोडायला लावा

जखडलेल्या माणसाला आडवं पाडू नका. खुर्चीवर बसवा, तळवे जमिनीला टेकलेले, दोन्ही कोपरं समोरच्या उशीवर. खांद्यांचा भार उशीने घेतला की बरगड्या मोकळ्या होतात.

पायजम्याची किंवा परकराची नाडी, ब्लाउजचे हूक, सदऱ्याचं वरचं बटण सैल करा. साधी गोष्ट आहे, तरी दर वेळी कुणीतरी विसरतंच. पंखा चेहऱ्यावर हलका वारा येईल असा ठेवा, चेहऱ्यावरचा वारा दम लागल्याची जाणीव कमी करतो. कूलरचा झोत थेट अंगावर मात्र नको, गार ओलसर वाऱ्याने ताठरपणा वाढल्याचं बरेच रुग्ण सांगतात.

आता श्वास. इथे सगळ्यात मोठी चूक होते. भोवतालचे सगळे ओरडतात, "मोठा श्वास घ्या!" आत आधीच हवा कोंडलेली आहे, पिंजरा आवळलेला आहे, त्यात आणखी घेणार कुठे? आधी सोडायला सांगा.

१. ओठांचा चंबू करून हळू फुंकर. बशीतल्या गरम चहावर घालतो तशी, साय हलेल पण चहा सांडणार नाही इतकी. मनात चारपर्यंत मोजायचं.

२. मग नाकाने आपोआप येईल तेवढाच श्वास आत. दोनपर्यंत मोजायचं.

३. एक हात पोटावर. हात पुढे यायला हवा, खांदे वर जायला नकोत.

४. सहा ते आठ वेळा, मग एक मिनिट नेहमीसारखा श्वास. गरगरलं तर थांबा.

मोजणारा एकच माणूस असावा. त्याने समोर बसून, आवाज खाली ठेवून, स्वतःही बरोबरीने फुंकर घालावी. पार्किन्सनमध्ये आपली लय सापडत नाही, पण समोरच्याची लय धरता येते. अण्णांच्या घरी हे काम मी त्यांच्या दहा वर्षांच्या नातवाला दिलं. तो आजोबांच्या गुडघ्यावर हळूच टिचकी मारत मोजायचा आणि त्याच्याबरोबर अण्णांची फुंकर लांबायची.

सावध: त्रास चालू असताना कपालभाती, भस्त्रिका किंवा श्वास रोखून धरणं अजिबात नको. खायला-प्यायलाही काही देऊ नका, धाप लागलेली असताना ठसका लागतो.

## टप्पा ४ : जखडलेलं अंग सोडवताना ओढायचं नाही

श्वास थोडा लागला की अंगाकडे वळा. ताठरलेला स्नायू झटका दिला की आणखी आवळतो. हळू झुलवलं की सैलावतो. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

बसल्या जागी: दोन्ही खांदे कानांकडे न्या, सोडा. मग मागून पुढे लहान गोल. मग धड डावीकडे-उजवीकडे अगदी थोडं वळवायचं, ताक घुसळताना रवी फिरते त्या लयीत. दहा-बारा वेळा.

आडवं होता येत असेल तर: पाठीवर, गुडघे वाकवून, तळवे गादीवर. दोन्ही गुडघे एकत्र डावीकडे-उजवीकडे झुलवायचे. लागल्यास घरच्यांनी गुडघ्यांवर हात ठेवून साथ द्यावी, जोर लावू नये. धड सैलावण्यासाठी यापेक्षा चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

शेक द्यायचा तर खांद्याला, मानेला, पाठीला. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटं, त्याआधी देणाऱ्याने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ताडून बघावी. मधुमेहामुळे त्वचा बधिर असेल तर शेक नकोच.

पहाटे पायाची बोटं आत वळून पाय पिळवटतो, तेव्हा बोटं धरून उलटी खेचू नका. बसवा, आख्खा तळवा जमिनीवर टेकवा आणि गुडघ्यावर हाताने हळूहळू दाब द्या.

उठवताना काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढू नका. पार्किन्सनमध्ये खांदा आधीच आखडलेला असतो, ओढल्याने तो कायमचा दुखावतो. रुग्णाला सांगा: पुढे सरकून बसा, पाय मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि "एक, दोन, तीन" म्हणून उठा. तुमचा हात फक्त पाठीमागे, कमरेशी.

## टप्पा ५ : रोजचा व्यायाम, गोळी चढल्यावर

टप्पा ३ आणि ४ ऐन वेळेचे. त्रास कमी व्हावा यासाठी काम करतो तो हा टप्पा आणि नेमका हाच सोडला जातो.

वेळ महत्त्वाची. गोळी घेतल्यावर साधारण पाऊण ते एक तासाने, अंग मोकळं असताना. पहाटे पाचला उठवून, गोळीच्या आधी, थंडीत व्यायाम करून घेणारी मुलं मी पाहिली आहेत. वडील लाकडासारखे उभे आणि मुलगा म्हणतो, "सहकार्यच करत नाहीत." ते करू शकत नाहीत. तासाभराने करतील.

१. अंगणात किंवा ओट्यावर पाच मिनिटं चालणं, हात मुद्दाम मोठे हलवत.

२. खुर्चीवर बसून पाठीची दोन्ही पाती एकमेकींकडे ओढायची, पाच मोजायचं, सोडायचं. दहा वेळा.

३. चौकटीतला ताण. दाराच्या दोन्ही बाजूंना कोपरापासून हात टेकवा, एक पाय उंबऱ्याच्या अलीकडेच पण पुढे, आणि छाती पुढे झुकवा. समोरून ओढ बसली की २० ते ३० सेकंद थांबा. तीन वेळा. श्वास चालू ठेवा. उंबरा उंच असेल तर ती चौकट सोडा, दुसरी निवडा. तोल जात असेल तर हा प्रकार झोपून: टॉवेलची गुंडाळी कण्याच्या लांबीत पाठीखाली ठेवा, हात बाजूला पसरा, दोन मिनिटं पडून राहा.

४. बसून पाण्याचा अर्धा तांब्या डावीकडून घेऊन उजवीकडे ठेवायचा, मग उलट. नजर तांब्याबरोबर फिरली पाहिजे. प्रत्येकी दहा.

५. श्वास घेत दोन्ही हात वर, सोडत खाली. आठ ते दहा.

६. आवाज. पूर्ण श्वास घेऊन मोठ्याने "आ", जितका वेळ टिकेल तितका. मग आरती, अभंग, जात्यावरची ओवी, जे येतं ते खणखणीत आवाजात. यात बरगड्याही हलतात आणि पुटपुटणंही सुधारतं. लाजू नका, शेजारच्यांना आधी सांगून ठेवा.

डॉक्टरांनी तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकायचं नाही, नळीतून आत ओढायचं. दहापैकी निम्म्या घरांत मला ते उलटं वापरलेलं दिसतं.

आठवड्यात एकूण दीडशे मिनिटं हालचाल व्हावी हे उद्दिष्ट धरा, पण सुरुवात दहा मिनिटांनी करा. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि टप्पा १ वर परत जा.

## टप्पा ६ : गोळी, चहा, वरण-बट्टी

गोळी पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही, चहाबरोबर नाही. दुधात प्रथिनं असतात. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दारातून जातात. दाराशी गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून जेवणाच्या किमान अर्धा तास आधी, किंवा जेवणानंतर एक ते दीड तासाने. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून एखादं साधं बिस्किट किंवा दोन घास भाकरी चालते.

आपल्याकडे उडदाची डाळ आणि कळण्याची भाकरी, वरण-बट्टी, शेवभाजी हे सगळं डाळीवर आणि बेसनावर उभं आहे. ते बंद करू नका. प्रथिनं बंद केली की स्नायू झडतात आणि श्वास आणखी दुबळा होतो. गोळी आणि डाळ यांच्यात अंतर ठेवा. वहीत असं दिसलं की दुपारच्या भरपेट जेवणानंतर गोळी चढतच नाही, तर डाळ-दुधाचा मोठा वाटा रात्री नेता येईल का, हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. रात्री तेलकट-तिखट जेवून लगेच आडवं होऊ नका, आम्ल वर येऊन छाती जळते आणि पुन्हा तीच धावपळ सुरू होते.

"केळ्यातल्या बी-६ जीवनसत्त्वामुळे गोळी मारली जाते" असं रावेर-यावलकडे बऱ्याच जणांनी मला विचारलं. गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असेल, आणि आता बहुधा असतंच, तर ही काळजी नको. पिकलं केळं खुशाल खा. शुगर असेल तर तेवढं प्रमाण बघा.

लोहाच्या गोळीत आणि पार्किन्सनच्या गोळीत किमान दोन तास. हळू असर करणारी, सीआर लिहिलेली गोळी कुटून किंवा चावून देऊ नका. गिळता येत नसेल तर डॉक्टर प्रकार बदलून देतील.

आता गॅसची गोळी. हे सगळ्यांनी वाचा. आम्लपित्ताच्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये दुसरं औषध म्हणून लेव्होसल्पिराइड असतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन देतात. चक्करेसाठी सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन. ही सगळी डोपामिनचा रस्ता अडवतात. पार्किन्सनच्या रुग्णाला ती दिली की अंग आणखी जखडतं, म्हणजे ज्या त्रासासाठी दिली तोच वाढतो. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा आणि दुकानदाराला "पार्किन्सन आहे" हे दर वेळी सांगा.

कुहिलीच्या बियांचं चूर्ण, कवचबीज म्हणतात ते, पुष्कळ घरांत गुपचूप चालू असतं. त्यात लेव्होडोपाच असतं, पण किती ते चमच्यावर ठरत नाही. गोळीच्या वर ते घेतलं की डोस वाढतो, अंग झुलायला लागतं, बीपी उतरतं. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

पोट साफ ठेवा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. पोट तुंबलं की छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा वर दाबला जातो, दम कोंडतो आणि गोळीही पुढे सरकत नाही. हृदय-किडनीमुळे बंधन नसेल तर दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी, पालेभाजी, पपई. इसबगोल घेतलात तर भरपूर पाण्याबरोबर, तेही गिळायला त्रास नसेल तरच.

सावध: गोळ्या अचानक बंद करू नका. कुणी सांगितलं म्हणून नाही, उपास आहे म्हणून नाही, गावात संपल्या म्हणूनही नाही. एकदम थांबवल्याने भयंकर ताठरपणा, तीव्र ताप आणि भ्रम येऊ शकतो, तो जिवावर बेततो. किमान दहा दिवसांचा साठा घरात हवाच.

## टप्पा ७ : रात्र, पहाट आणि आपला उन्हाळा

रात्री गादी घट्ट, पांघरूण हलकं. जड गोधडीखाली कूस बदलत नाही, मग एकाच अंगावर पडून छाती दुखते. डोक्याकडचा भाग थोडा उंच. कमरेखाली गुळगुळीत कापड अंथरलं तर वळणं सोपं जातं. पहाटेची गोळी आणि पाणी हाताशी. डॉक्टरांनी वेळ तशी दिली असेल तर उठायच्या अर्धा तास आधी गोळी घ्यायची, आणि तेव्हाही उठून बसूनच गिळायची.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. घाम, कमी पाणी, बीपी उतरणं, बद्धकोष्ठ हे सगळं एकत्र येतं. कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर घामच कमी येतो आणि उष्माघाताचा धोका वाढतो. वयस्कर माणसांत त्याने विसरभोळेपणा, भ्रम आणि लघवी अडकणंही होतं. मार्चमध्येच डॉक्टरांना त्याबद्दल विचारून घ्या. उन्हातल्या लग्नाला नेताना गोळ्या, पाणी आणि यादी पिशवीत, आणि पंगत लांबली तरी गोळी वेळेवर.

## टप्पा ८ : डॉक्टरांकडे जाताना

सात दिवसांची वही, औषधांच्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत, आणि मोबाईलवर दोन व्हिडिओ: एक छाती आवळलेली असतानाचा, एक अंग मोकळं असतानाचा. प्रत्येकी एक मिनिट पुरे. दवाखान्यात पोचेपर्यंत गोळी चढते, माणूस चांगला चालून दाखवतो आणि डॉक्टरांना त्रास दिसतच नाही.

तीन प्रश्न लिहून न्या. हे असर ओसरल्याने होतंय का, आणि तसं असेल तर गोळ्यांच्या वेळा बदलता येतील का? छातीचा एक्स-रे, इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा फुप्फुसाची चाचणी लागेल का? चालू औषधांत ब्रोमोक्रिप्टिन किंवा कॅबरगोलिन आहे का? ही दोन औषधं दीर्घकाळ चालली तर हृदयाच्या झडपांना आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून छातीची तक्रार असताना त्यांचं नाव निघालंच पाहिजे.

व्हिडिओ काढताना मोबाईल आडवा धरा, चेहरा ते गुडघे दिसू द्या, श्वास ऐकू येऊ द्या, आणि सुरुवातीलाच मोठ्याने बोला: आज तारीख काय, वाजले किती, शेवटची गोळी किती वाजता घेतली.